जुना स्पंज

तिसरा गोल्डफिशही पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळायला लागला, तेव्हा सावनीने आईला न विचारता बाबांना फोन लावला. तासाभरात हृषीकेश दारात हजर. चारबागच्या रेल्वे कॉलनीतून पार शहराबाहेरच्या बख्शी का तालाब भागापर्यंत, मे महिन्यातल्या भर दुपारी, स्कूटरवर. हातात स्टीलचा डबा, झाकणाला रबरबँड.

या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदाच येत होता. त्याला सोडून विभा दहा वर्षांच्या सावनीसह इथे राहायला आली, त्याला तीन आठवडे झाले होते.

"ये," म्हणून विभा बाजूला झाली. पाणी विचारावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

फिश टँक बैठकीतच होता, अगदी लखलखीत. जुना मोठा टँक उचलण्यासारखा नव्हता, म्हणून तो तिकडेच राहिला; पाच मासे तेवढे पिशवीतून आले. निघताना हृषीकेशने जुन्या फिल्टरमधला स्पंज देऊ केला होता. "त्या घरातलं काही नको," विभा तेव्हा म्हणाली. मग तिने काच, फिल्टर, खडे, सगळं नवंकोरं आणलं, कढत पाण्यात धुतलं, वर जंतू मारायच्या लाल औषधातूनही काढलं. बरं, या बाईचं निम्मं आयुष्य संशोधन संस्थेत बॅक्टेरिया वाढवण्यात गेलेलं! माशांच्या घाणीतून पाण्यात विष साचतं, ते खाऊन संपवणारे बॅक्टेरिया स्पंजवर, खड्यांवर वस्ती करून असतात, हे सावनीला तिनेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी रागाच्या भरात तिला फक्त स्वच्छ हवं होतं.

दोन मासे मेले. सावनीने ते बाल्कनीतल्या कुंडीत पुरले आणि तेव्हापासून ती आईशी कामापुरतंच बोलत होती. उरलेले तीन गेले तर काय, हा विचार विभा मनात येऊ देत नव्हती.

हृषीकेशने डबा उघडला. काळपट पाण्यात तपकिरी, बुळबुळीत स्पंज. ओल्या मातीचा वास आला. त्या घराच्या बैठकीत कायम यायचा तोच.

"आई, जल्दी करो ना," सावनी म्हणाली. आई आणि बाबा, एवढेच दोन शब्द तिने मराठीतले ठेवले होते. बाकी सगळं या शहरातलं हिंदी.

"नळाखाली धरू नकोस," हृषीकेश म्हणाला.

"माहितीये मला." विभाने बाह्या वर सारल्या. मग लेकीकडे वळून जरा नरमाईने म्हणाली, "विरजण लावतो ना, तसंच बघ हे." सावनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

स्पंज उचलता उचलता विभाचा हात थांबला.

"तीन आठवडे तुझ्याकडे मासे नाहीत."

"नाहीत."

"मग यांना खायला काय मिळालं? हृषी, एव्हाना यात काही उरलंच नसेल." तिचा आवाज एकदम उतरला. सावनी घाबरून बाबांकडे बघायला लागली.

"उरलंय," तो म्हणाला. "फिल्टर चालूच ठेवलाय. रोज सकाळी माशांचे दाणे टाकतो चिमूटभर. ते कुजतात, त्यावर जगतात हे. तूच सांगितलं होतंस."

"रिकाम्या टँकमध्ये दाणे टाकतोस?"

"हो."

"कशाला पण?"

तो बोटाभोवती रबरबँड गुंडाळत राहिला. "सावनी परत आली, तर लगेच मासे सोडता यावेत म्हणून."

 आपल्या मागे हा माणूस मजेत असणार, अशी विभाने स्वतःची समजूत घालून घेतली होती. या तीन आठवड्यांत ती समजूत तिच्या फार कामी आली होती. आता त्या रिकाम्या टँकसमोर चिमूट धरून उभा असलेला हृषीकेश तिच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तिला त्याचा रागही आला.

"अर्धा कापून ठेवते. अर्धा परत ने," ती म्हणाली.

"अर्ध्याने भागायचं नाही. हालत बघ त्यांची. सगळाच ठेव." त्याने शर्टाच्या खिशातून दाण्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. "हीपण ठेव. तिकडे आता लागायची नाही."

विभाने टँकमध्ये हात घातले. स्पंज आधी तिथेच पिळला. तपकिरी ढग उठला, सगळी काच गढूळ झाली आणि मासे दिसेनासे झाले. चाचपडतच तिने तो नव्या फिल्टरमध्ये बसवला. मागे चपला घातल्याचा आवाज आला, तरी ती वळली नाही. पाणी विचारायचं राहूनच गेलं होतं.

सावनी टेबलावरची डबी घेऊन दाराशी गेली.

"बाबा, स्पंज ही तो गया है," ती म्हणाली. "आई ने बताया था, वो लोग कंकड़ों पे भी रहते हैं."

विभाचे हात पाण्यातच थांबले.

सावनीने डबी बाबांच्या खिशात परत ठेवली आणि वरून खिशाचं बटण लावलं.

"आप डालते रहना."