मोठी बाजू

सोमनाथ सरांनी लाकडी बॉक्स लोळवला आणि मोठ्या बाजूवर उभा केला. आता तो मुलींच्या मांडीला लागला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या त्या मुलींची रांग नकळत पाऊलभर मागं सरकली. मैदानामागच्या हनुमान टेकडीवर नुकतं कुठं उजाडत होतं.

"जागेवरून उडी. दोन्ही पाय बरोबर वर," सर म्हणाले. "अन् पायरी उतरल्यासारखं उतरायचं नाय. उडी मारूनच खाली, पाय टेकले की लगेच पुन्हा वर. मोनिका, तू पहिली."

मोनिका नेहमीच पहिली असायची आणि मुबश्शिरा तिच्या मागं. पळण्यात तसंच, गोळाफेकीतही तसंच. देवगाव रंगारीची मोनिका आणि वैजापूरची मुबश्शिरा एकाच खोलीत राहत, एकाच पातेल्यात चहा करत. म्हणून मोनिकाच्या डाव्या नडगीचं फक्त मुबश्शिराला माहीत होतं.

नडगीवर एक जागा होती. तिथं बोट दाबलं की मोनिका डोळे मिटून घ्यायची. आधी ती पळाल्यावर दुखायची, मग जिना चढताना, आता झोपेत कूस बदलतानाही. औरंगपुऱ्यातल्या मेडिकलमधून गोळ्या मुबश्शिराच आणून देत होती. आज चहाबरोबर मोनिकानं रोजच्यापेक्षा जास्त घेतल्या होत्या.

"सरांना सांग ना," मुबश्शिरा तिच्या कानाशी म्हणाली. "छोट्या बाजूवर घेतील तुला."

"अन् मग म्हणतील, एक्स-रे काढून आण."

"तर काढ की. हड्डीचं काही असंल तर?"

"तेच तर," मोनिका म्हणाली. "असंल तर?"

मोनिकाचे वडील आप्पासाहेब मागं खोलीवर ज्वारी पोचवायला आले होते, तेव्हा मुबश्शिरासमोरच बोलले होते. या भरतीत लागलीस तर पोलीस, नाय तर सून. रागानं नव्हते बोलले. चहा पीत पीत, पीकपाण्याचं सांगावं तसं सांगितलं होतं. आणि आप्पासाहेब शब्दाचे पक्के होते.

मोनिका बॉक्ससमोर जाऊन उभी राहिली. तिनं वजन उजव्या पायावर घेतलं, मग सरांचं लक्ष आहे हे पाहून दोन्ही पायांवर सारखं केलं.

"सर," मुबश्शिरा म्हणाली.

सरांनी मान वळवली. मोनिकानंही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. समोरचं दार बंद होताना माणूस बघतं, तसं ती बघत होती.

"काय गं?"

"काय नाय सर. लेस सुटली होती."

मोनिकानं हात मागं नेले, गुडघे वाकवले आणि उडाली. दोन्ही पाय बॉक्सवर टेकले, अगदी अलगद. मागं कुणीतरी टाळी वाजवली. वर उभी राहिलेली मोनिका क्षणभर सगळ्यांपेक्षा उंच दिसली.

"हिच्याकडं बघा," सर खुशीत म्हणाले. "आता खाली. अन् लगेच वर."

ती खाली आली. पाय टेकले तेव्हा कुणीतरी वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. बारीकच आवाज, पण रांगेतल्या शेवटच्या मुलीलाही ऐकू गेला. वर जाण्यासाठी मागं नेलेले मोनिकाचे हात तसेच मागं राहिले आणि ती त्या हातांवरच बसली.

ती ओरडली नाही. मुलीच ओरडल्या.

सरांनी तिचा पाय पाहिला आणि लगेच दुसरीकडं बघितलं. नडगी जिथं सरळ असायला हवी तिथं सरळ नव्हती. त्यांनी एका मुलीला रिक्षा आणायला पिटाळलं. मग मुबश्शिराजवळ येऊन आवाज खाली आणत विचारलं, "आधीपासून दुखत-बिखत नव्हतं ना हिला?"

त्या प्रश्नातच उत्तराची जागा करून ठेवली होती.

"नाय सर," मुबश्शिरा म्हणाली.

सरांनी मोठा श्वास सोडला.

मोनिकाच्या पिशवीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मुबश्शिरानं तो काढला. मोनिकाच्या आईचा, साळूबाईंचा होता. मोनिकानं खुणेनंच सांगितलं, घे. तिच्या वरच्या ओठावर घाम साचला होता.

"मुबश्शिरा व्हय?" साळूबाई दबक्या आवाजात बोलत होत्या. "मोनी कुठंय? आज मोठी उडी हाय म्हनली व्हती. झाली का?"

"झाली, मावशी. सगळ्यांत आधी तिचीच झाली."

"बरं झालं बाई." आवाज आणखी खाली गेला. "अगं, पाव्हणे येऊन बसलेत बैठकीत. सकाळी सकाळीच आले. मोनीचे बाबा म्हणतेत, सुपारी फोडून टाकू. मी म्हनलं थांबा, आधी पोरीला इचारते. सांगू का त्यांला, आमची पोरगी लागणार म्हणून? जा म्हणू का?"

रस्त्याकडून रिक्षा मैदानात वळली. खड्ड्यांतून हेलकावे खात येत होती. सर दोन्ही हात करून तिला बोलवत होते.

फोन स्पीकरवर होता, मोनिकाला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं मुबश्शिराचं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट होती, की बोटं पांढरी पडली.

"सांगा, मावशी," मुबश्शिरा म्हणाली. "लागणार म्हणून सांगा."