हरमसमोरची खोली

उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या धाकट्या जावेनं, शमीमनं, मोबाइलवर मक्केतली दोन हॉटेलं दाखवली, तसं हसनाबादच्या जैतूनबीच्या पोटात दुखायला लागलं. एक हरम शरीफ या मोठ्या मशिदीसमोरचं, लिफ्टवालं, खिडकीतून काबा दिसणारं. दुसरं लांब, रोज चालत जायचं. जैतूनबी तीस वर्षांमागं हजला गेली, तेव्हा एका खोलीत दहा बायका होत्या आणि चालून तळपायांना फोड आले होते. “भाभी, तुमी जाऊन आल्यात, तुमीच सांगा.” “लांबचं घे. जितकी पावलं, तितका सवाब, तितकं पुण्य.” “बराबर,” म्हणत शमीमनं दुखरे गुडघे चोळले. मग, निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची रीत, म्हणून तिनं जैतूनबीचे हात धरले. “माझं काही चुकलं असंल, तर माफ करा.” चुकलं कुणाचं, हे जैतूनबीला ठाऊक होतं. “जवळचंच घे,” ती अखेर खेकसली. “पण तिथून मला व्हिडिओ कॉल करायचा न्हाई.”