गोधडीवरची फुलं

"माझ्या गोधडीवर फुलं किती आहेत गं?"

माताओराने ओसरीवरच्या खाटेवरून विचारलं. अंगण झाडणाऱ्या तेपाएरूने मान वर न करता सांगून टाकलं, "तुझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त."

"मग चारपाच असतील," म्हातारा म्हणाला.

ती गोधडी गेली अकरा वर्षं कापराच्या लाकडाच्या पेटीत पडून होती. मंगाइया बेटावर नाव राखून असलेली कुठलीही बाई नवऱ्याला शेवटच्या वाटेला नुसत्या चादरीत पाठवत नाही. त्याच्यासाठी तिवाईवाई गोधडी शिवते, फुलाफुलांची. तेपाएरूची तर पांढऱ्यावर लाल जास्वंदीची होती. शेजारपाजारच्या बायका घेऊन चार वर्षं शिवलेली. वर्षातून एकदा ती उन्हात पडायची, तेही माताओरा मासे धरायला गेला की. जित्या माणसाने पांघरली तर शिळी होते, असं तिचं म्हणणं. पेटीबाहेर गोधडी निघाली म्हणजे घरातलं माणूस गेलं, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग उताराखालच्या चर्चची घंटा वाजते, आणि काळे कपडे घालून माणसं चढण चढू लागतात.

मागच्या आठवड्यात मोठ्या बेटावरच्या डॉक्टरने सांगितलं होतं की या काळजाने आंब्याचा मोहर बघितला तर नशीब. त्या दिवसापासून तेपाएरूच्या पायाला भिंगरी लागली. आल्यागेल्यांसाठी चटया धुतल्या. टोप्यांना इस्त्री केली. मुलं ऑकलंडहून येणार, त्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या. अळूचे कंद खणून ठेवले. लोकांनी नाव ठेवायला जागा राहता कामा नये! आणि रोज दुपारी ओसरीवरून तेच एक बोलावणं यायचं, "ये गं, जरा पड शेजारी."

"पडायला तुला मुभा आहे. मला नाही," असं म्हणून ती पुढच्या कामाला लागायची. एक्कावन्न वर्षांच्या संसारात ती दुपारची कधी आडवी झाली नव्हती, आणि हे ती चारचौघींत मान ताठ करून सांगायची.

"गंमत बघ," माताओरा आज म्हणाला, "सगळं बेट बघणार ती गोधडी. कुंपणापलीकडची आकाइतीसुद्धा बघणार. ज्याची आहे, तो तेवढा बघणार नाही."

त्यात तक्रार नव्हती. वारा पडलाय, असं सांगावं तसं तो बोलला.

तेपाएरूने झाडू तिथेच टाकला. ती आत गेली, गंजलेल्या कुलपाला एक शिवी हासडून किल्ली फिरवली आणि गोधडी दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आली. एका झटक्यात म्हाताऱ्यावर पसरली.

"अगं, अजून आहे मी!"

"दिसतंय. सरक तिकडे."

ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि गोधडी दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. आत ऊन लाल होऊन झिरपत होतं. कापराचा वास होता. जास्वंदी त्यांच्या नाकाशी अशा हलत होत्या, जणू दोघं झुडपाखाली निजलीत. दूर खडकांवर समुद्र फुटत होता, नि मधेच गप्प होत होता. हा आवाज रोजचाच. पण दोन लाटांच्या मधे एवढी मोठी शांतता असते, हे तिला सत्तरीत कळलं.

"एक, दोन, तीन," म्हातारा बोट टेकवत मोजू लागला. सातव्या फुलाशी थांबला. "याचं पान वाकडं का गं?"

"आकाइतीचं काम ते. चार वर्षं सांगत होते तिला, टाका बारीक घाल म्हणून."

"छान आहे की. वारा लागल्यासारखं."

तिने ते पान कधी असं बघितलंच नव्हतं. चौदाव्या फुलाशी त्याचा आवाज जड झाला. एकोणिसाव्याशी बोट फुलावरच राहिलं आणि त्याला गाढ झोप लागली. त्याचं डोकं तिच्या दंडावर आलं. चुलीवर अळूची पानं शिजत होती, आटत होती, बहुतेक करपतच होती. करपू देत.

तिने तोंडावरची गोधडी थोडी खाली घेतली, तर कुंपणावरून आकाइतीचं तोंड दिसलं. आकाइतीने ओसरीवरची लाल जास्वंद बघितली, खाली हालचाल नसलेला माणूस बघितला, त्याला बिलगून पडलेली तेपाएरू बघितली. तिचा हात छातीवर गेला. मग ती एवढी जाडजूड बाई टोपी ना चप्पल, उतारावरून धावत सुटली.

तेपाएरूने ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडली असती तर दंडावरची झोप मोडली असती. तिने तोंड मिटलं.

बऱ्याच वेळाने खालून घंटा वाजू लागली. एक टोला, मग थांबून दुसरा. माताओराने डोळे किलकिले केले.

"कोण गेलं गं?"

"तू," तेपाएरू म्हणाली. "फुलं मोज गप. लोक यायला अजून वेळ आहे."