थोरल्यांचं उत्तर

चिंपूने मक्याची दारू दोन पेल्यांत ओतली. एक आपल्यापुढे ठेवला, एक थोरल्या राजांपुढे. एकट्याने पेला तोंडाला लावायचा नाही, ही त्या डोंगरांतली रीत. मग तिने उकडलेल्या बटाट्याचा तुकडा विस्तवात टाकला. त्याचा धूर झाला की थोरले जेवले.

थोरले राजे मरून पाच पिढ्या झाल्या होत्या. वाळलेलं अंग मऊ लोकरीच्या वस्त्रात, गुडघे पोटाशी घेऊन चौरंगावर बसलेलं. राजधानी कुस्को समुद्रापलीकडून आलेल्या दाढीवाल्यांच्या हाती पडलं तेव्हा गावाने त्यांना इथे आणून लपवलं. चिंपू त्यांच्या माशा वारायची, त्यांना भरवायची, आणि कोणी काही विचारलं की कान त्यांच्या ओठांशी नेऊन त्यांच्या जाड आवाजात उत्तर द्यायची. गावातली लग्नं त्यांना विचारून ठरत, पाण्याच्या पाळ्यांची भांडणं त्यांना विचारून मिटत. मेलेल्या माणसाचं घर सांभाळणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्यात स्वतःचं घर मांडायचं राहून जातं.

तिचा भाचा रिमाक धापा टाकत आत आला.

"आत्या, दाढीवाले खाली पुलापाशी आलेत. थोरले इथे आहेत, हे त्यांना कळलंय."

"कोणी सांगितलं?"

"ते विचारून आता काय उपयोग? बाबांना धरलंय त्यांनी. दुपारपर्यंत थोरले पुलावर आले नाहीत तर आधी बाबांना मारतील, मग गाव पेटवतील."

"आणि थोरल्यांना नेऊन काय करणार? पूजा?"

पलीकडच्या गावात काय झालं ते दोघांनाही ठाऊक होतं. जाळलेला पूर्वज ना जेवतो, ना बोलतो. तो मग खरोखरच मरतो.

"मी काय सांगू? मी त्यांची चाकर," चिंपू म्हणाली.

"तुला कुठे विचारतोय? त्यांना विचार."

"नाही म्हणाले तर?"

"तर नाही. त्यांच्या शब्दाबाहेर आजवर कोण गेलंय?"

चिंपूने कान थोरल्यांच्या ओठांशी नेला. दर वेळी तिला काहीतरी ऐकू यायचं. खरंच यायचं, तिला त्यात कधी शंका वाटली नव्हती. आज जुन्या लोकरीचा वास तेवढा आला. ती थांबली. पुन्हा कान लावला. काही नाही. पुलापाशी बांधून घातलेला भाऊ डोळ्यांपुढे उभा राहिला.

"मला उचला," ती जाड आवाजात म्हणाली. "चांगलं वस्त्र घाला. वाटेत ऊन लागू देऊ नका."

रिमाकने जमिनीला डोकं टेकलं. उचलायला त्याने बाहेर दोन माणसं उभी केली होती, पण त्यांतला एकच पुरला. थोरले गवताच्या पेंढीइतके हलके होते. चिंपूने त्यांना नवं वस्त्र गुंडाळलं, कपाळावरची पट्टी सारखी केली आणि माशा वारायचा पिसांचा पंखा रिमाकच्या हातात दिला.

"पुलापर्यंत तरी वार."

तो उंबऱ्यात अडखळला. "आत्या, तुझ्याबद्दल काही म्हणाले का गं ते?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तिलाही कधी सुचलं नव्हतं.

"नाही रे," ती म्हणाली. "ते राहूनच गेलं."

त्यांच्या पावलांचा आवाज उतारावर गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. विस्तव निवत आला होता. दोन्ही पेले भरलेलेच होते. चिंपू रिकाम्या चौरंगासमोर बसली. बराच वेळ बसून राहिली. तिला फार एकटं वाटलं.

मग तिने घसा खाकरला.

"जेवलीस का गं पोरी?" तिने जाड आवाजात विचारलं.

थोडं थांबून ती आपल्या आवाजात म्हणाली, "नाही अजून."