पुढचा ट्रक

"गाडी आहे की वीटभट्टी?" सिग्नलला पुढे धूर ओकत उभ्या ट्रकला भानुदासने रिक्षातूनच शिवी हासडली. मागे बायकोच्या मांडीवर चार वर्षांची लेक दम्याने तळमळत होती. दवाखाना अजून लांब होता. "लोकांच्या पोरांच्या जिवावर उठलेत. असल्यांना चौकात फोडून काढलं पाहिजे."

सिग्नल सुटला, ट्रक वळून निघून गेला. पुढच्या सिग्नलला रिक्षा सगळ्यांत पुढे उभी राहिली. समोर रस्ता मोकळा होता, तरी धूर आत येतच होता आणि त्याला रॉकेलचा वास होता.

"पेट्रोलमध्ये आजही रॉकेल ओतलंत ना?" बायकोने विचारलं.

"सगळेच ओततात. त्याशिवाय परवडतं का?"

"मग तुम्हाला कोणी फोडायचं?"

पोरीला खांद्यावर टाकून ती उतरली आणि चालू लागली. तो रिक्षा चालवत मागोमाग गेला, तसा तिने कडेचा दगड उचलला. आजवर अहोजाहो करणारी बाई एकेरीवर आली.

"मागं आलास तर काच फोडीन. आधी हे धुराडं बंद कर."

त्याने इंजिन बंद केलं. तेव्हा कुठे त्याला लेकीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली.