पंधरा दिवसांची पट्टी

सक्करदऱ्याच्या गुळगुळीत सिमेंट रोडवर वरातीची घोडी चांदणी घसरली आणि तिचे पुढचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. ताराचंदने तिला कसंबसं टेम्पोत चढवून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी जखमेतली खडी एकेक करून काढली, पट्ट्या बांधल्या आणि मग त्यालाच फैलावर घेतलं, "नालांखाली रबर काहून नाही बसवलं गा? आता पंधरा दिवस हिला सडकेवर काढायचं नाही. मुक्या जनावरापेक्षा लोकांची वरात मोठी आहे काय?"

ताराचंदला ते अगदी पटलं. घरी येताच त्याने परवाच्या वरातीसाठी प्रताप नगरला फोन लावला. "मामाजी, माफ करा. घोडी पडली. दुसरी पाहून घ्या."

"लगीनसराईत दुसरी कुठून आणू?" नवरदेवाचे मामा भडकले. "थांब ताराचंद, नवरदेवालेच देतो फोन."

पलीकडून नवरदेव बोलला आणि ताराचंदने आवाज लगेच ओळखला. दुपारीच तर ऐकला होता, दवाखान्यात.


"ताराचंदभाऊ, पट्ट्या झाकतील एवढी लांब झूल आहे का तुमच्याकडे?"