पैलतीरावरचं गाणं

निवांतपणा हवा म्हणून मर्विन आणि लोर्ना हे म्हातारं जोडपं तीन दिवस होडी वल्हवत, मधेमधे ती खांद्यावर वाहत कॅनडातल्या अल्गॉन्क्विनच्या जंगलातल्या आतल्या तळ्यावर पोहोचलं. संध्याकाळी पैलतीरावर उन्हाळी शिबिराच्या डझनभर मुली उतरल्या आणि गायला लागल्या. त्यातली एक तर भयंकर बेसूर!

"आता बघतोच एकेकीला!" मर्विन तणतणत होडीत बसला.

"हळू बोल रे, लेकरं आहेत ती," लोर्ना काठावरून म्हणाली.

होडी काठाला लागते तोच मुलींना सांभाळणारी ताई गुडघाभर पाण्यात धावत आली. "आजोबा, प्लीज, त्या बेसूर गाणारीला थांबवू नका. घरच्या आठवणीनं चार दिवस नुसती रडत होती. आज पहिल्यांदा तोंड उघडलंय."



अलीकडच्या काठावर लोर्ना गाणं थांबायची वाट बघत होती; उलट त्यात एक घोगरा, म्हातारा आवाज वाढला.